घरचें दळण

तयार वस्तूंचा महिमा गाण्यास आतां कोणा स्तुतिपाठकाची गरज उरलेली नाहीं. पीठ तयार मिळतें, मसाला तयार मिळतो, सदरा तयार मिळतो. आणि योग्य ठिकाणीं चौकशी केली तर जांवईहि तयार मिळतो. यांत वाईट कांहीं आहे असें आमचें म्हणणें नाहीं. ज्यानें दिवसभर कचेरींत मान मोडून काम केलें त्यानें रात्रीं जात्यावर बसावें असा आग्रह धरणारे आम्ही नव्हे. परंतु तयार वस्तु घरांत येते तेव्हां एक गोष्ट मागील दारानें बाहेर जाते, ती अशी कीं, ही वस्तु कशी झाली हें जाणण्याचा अधिकार व ती आपल्या सोयीप्रमाणें बदलण्याचें सामर्थ्य. ही गेलेली गोष्ट बरेच दिवस कोणाच्या लक्षांत येत नाहीं. आणि लक्षांत येते तेव्हां तिचा पत्ता लागत नाहीं.

वऱ्हाडास हा धडा नवा नाहीं. १८५३ सालीं हा प्रांत निजामाकडून इंग्रजांच्या कारभाराखालीं आला. १८६७ पर्यंत मुंबईहून निघालेला लोहमार्ग आमच्या अकोल्यावरून नागपुरास जाऊन पोहोंचला. आणि मधल्या काळांत, १८६१ ते १८६५ या वर्षीं, अमेरिकेंतील यादवीमुळें तेथील कापूस अडला तेव्हां इकडच्या काळ्या मातींतील बोंडास अपूर्व भाव आला. गाठी बांधल्या गेल्या, मुंबईस गेल्या, तेथून समुद्रापार गेल्या. आणि कापड होऊन आमच्याच बाजारांत परत आल्या. मूळ माल आमचा, वस्त्र दुसऱ्याचें, आणि मधली विद्या कोणाची याची चौकशी करण्यास कोणास सवड नव्हती. ही हकीकत आम्ही येथें उगाळीत नाहीं. परंतु ज्या विषयाकडे आम्हांस वळावयाचें आहे तो याच जातीचा असल्यामुळें वाचकांस एक दाखला हाताशीं असावा इतकाच हेतु आहे.

संगणक हें यंत्र आतां मध्यमवर्गीय घरांत देव्हाऱ्याइतकें सामान्य झालें आहे. त्याचा सर्व कारभार जी पाहते तिला कार्यप्रणाली म्हणतात. मनुष्य जी आज्ञावली लिहितो ती त्यास वाचतां येईल अशा भाषेंत असते. तिला ‘सोर्स’ म्हणजे मूळ संहिता म्हणावें. कंपायलर नांवाचें साधन ती संहिता दळून यंत्रास कळणाऱ्या आंकड्यांचें पीठ करतें. दुकानांत मिळतें तें हें पीठ. पिठावरून धान्याची जात ओळखणारे जाणते पुरुष असतील. परंतु पिठाचें पुन्हा धान्य करणारा अजून आमच्या पाहण्यांत नाहीं.

रिचर्ड स्टॉलमन या अमेरिकन गृहस्थानें १९८३ सालीं असा संकल्प जाहीर केला कीं, मूळ संहिता सर्वांस वाचतां यावी, बदलतां यावी व वांटतां यावी अशी एक संपूर्ण प्रणाली उभी करावयाची. त्याचा कंपायलर १९८७ मध्यें बाहेर पडला. १९९१ सालीं हेलसिंकी येथील लिनस टोरव्हाल्ड्स नांवाच्या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्यानें कर्नल, म्हणजे प्रणालीचा गाभा, लिहिला व पुढील वर्षीं तो त्याच खुल्या परवान्याखालीं आणला. लिनक्स या नांवानें ओळखल्या जाणाऱ्या प्रणालींचा वंशवृक्ष येथून फुटला. त्यांतल्या बहुतेक शाखा गिऱ्हाइकास तयार पीठच देतात. मात्र मागेल त्यास धान्यहि दाखवितात. जेंटू ही शाखा निराळी. डॅनियल रॉबिन्स यानें सुरू केलेल्या या शाखेची १.० ही आवृत्ति २००२ च्या मार्चमध्यें निघाली, आणि पाण्यांत सर्वांत वेगानें पोहणाऱ्या पेंग्विन पक्ष्याच्या जातीवरून तिचें नांव ठेविलें गेलें. हिची रीत अशी कीं, धान्य घरीं आणावें आणि ज्याचें त्यानें आपल्या जात्यावर, आपल्यास हवें तितकें जाड-बारीक दळून घ्यावें.

तर्कशास्त्र शिकविण्यांत जन्म गेलेल्या पन्नाशी उलटलेल्या मनुष्यास हा उद्योग कां सुचावा, असा प्रश्न वाचकांच्या मनांत आला असेल. त्याचें कारण शास्त्रीय नाहीं, घरगुती आहे. आमच्या मातोश्री बाळापूर तालुक्यांतील. त्यांच्या तोंडीं वऱ्हाडी बोलीचे जे शब्द होते ते आम्हीं त्यांच्या अखेरच्या वर्षांत टिपून ठेवावयास आरंभ केला. वावर, धुरा, पऱ्हाटी येथून सुरुवात करून हा संग्रह तीनएक हजार शब्दांवर गेला. त्यांतील पुष्कळ भाग सुमारें पंचवीस वर्षांपूर्वीं एका टंकलेखकाकडून त्या वेळच्या एका प्रचलित मराठी टंकांत संगणकावर उतरवून घेतला होता. कागदाच्या चिठ्ठ्या पुढें एका पावसाळ्यांत वाळवीनें खाल्ल्या. आमचा भरंवसा त्या संगणकांतील प्रतीवर होता. ती उघडली तों काय! आईच्या शब्दांच्या जागीं रोमन अक्षरांची, स्वल्पविरामांची व टोप्या घातलेल्या परकीय स्वरांची एक रांग उभी. तो टंक बनविणाऱ्यांनीं देवनागरी अक्षरें रोमन अक्षरांच्या खुंट्यांना टांगलेलीं होतीं. टंक गेला, तो चालविणारी आज्ञावली गेली, आणि खुंट्या तेवढ्या शिल्लक राहिल्या. सुदैवानें कांहीं छापील पृष्ठें हातीं होतीं. त्यांच्याशीं ताडून अक्षराला अक्षर लावीत आम्हीं एक कोष्टक सिद्ध केलें व दोन महिन्यांत शब्द परत मिळविले. परंतु त्या दोन महिन्यांत मनाशीं एक निश्चय झाला. हा संग्रह यापुढें ज्या भूमीवर राहील त्या भूमीचा सातबारा आपल्या नांवें असला पाहिजे.

घरांत एक जुना संगणक होता. चार गाभ्यांचा, आठ गिगाबाइट स्मृतीचा, आणि चिरंजिवांनीं पुण्यास जातांना टाकून दिलेला. तो आम्हीं पुढें ओढला. आमचा एक जुना विद्यार्थी संगणक-दुरुस्तीचें दुकान चालवितो. त्यास हें वर्तमान कळतांच तो धांवत आला. “सर, हे काय करून राह्यले तुमी? कायले इतका ताप घेता? अर्ध्या घंट्यात तयार टाकून देतो नं मी!” त्याच्या प्रेमाबद्दल शंका नव्हती, व हिशोबाबद्दलहि नव्हती. तयार प्रणाली अर्ध्या तासांत बसते. आमची बसावयास नऊ दिवस लागले.

पहिली मौज अशी कीं, घरीं सर्व कांहीं दळावयाचें म्हटलें तरी आरंभीं थोडें तयार पीठ उसनें आणावेंच लागतें. कंपायलर हाहि एक आज्ञावलीच. तो दळावयास दुसरा कंपायलर हवा. जेंटूची मंडळी यासाठीं ‘स्टेज थ्री’ नांवाचें एक लहानसें तयार गाठोडें देतात. सौभाग्यवतीनें हें ऐकून एका शब्दांत त्याचा उलगडा केला: “म्हणजे विरजण!” दहीं घरचें असतें, पण पहिलें विरजण शेजारणीकडून येतें, इतकी अचूक व्याख्या आम्हांस कोणत्याहि ग्रंथांत आढळली नाहीं.

दुसरी मौज निवडीची. प्रत्येक आज्ञावलींत कोणते गुण असावेत व कोणते नसावेत हें ‘यूज’ नांवाच्या निशाण्यांनीं ठरवितां येतें. आमच्या घरीं छपाईयंत्र आहे, तेव्हां त्याचें निशाण ठेविलें. बिनतारी कर्णयंत्रें कोणी वापरीत नाहीं, तेव्हां त्या निशाणामागें वजाचें चिन्ह लाविलें. भाषांच्या यादींत मराठीची ओळ उघडली. मग कर्नलची पाळी आली. त्यांत विचारल्या जाणाऱ्या प्रश्नांची संख्या हजारांनीं मोजावी लागते. जगांतील यच्चयावत् यंत्रसामग्रीची तेथें हजेरी असते. परंतु चालू असलेल्या यंत्रांत प्रत्यक्ष कोणते भाग वापरांत आहेत तें पाहून बाकीचे गाळावयाची युक्ति त्यांतच ठेविलेली आहे. संसारांत किती वस्तूंवांचून आपलें अडत नाहीं याचें इतकें स्वच्छ ज्ञान आम्हांस गीतेवरील प्रवचनांतहि झालें नव्हतें.

परंतु या प्रवचनास वऱ्हाडचा वैशाख सहन होत नाहीं. महाविद्यालयास सुटी उन्हाळ्यांत, तेव्हां असा उद्योग उन्हाळ्यांतच करणें प्राप्त. आणि अकोल्याचा पारा मे महिन्यांत पंचेचाळीस अंशांवर जाणें ही वार्ता नव्हे, वहिवाट आहे. दळणास बसलेलें यंत्र मुळांतच तापतें. फार तापलें म्हणजे स्वतःच्या रक्षणासाठीं आपला वेग उतरवितें. दुपारीं तीन तासांचें काम पांच तास घेतें. म्हणून आम्हीं दळण रात्रीं अकरानंतर लावावयाचें ठरविलें. मध्यें वीज गेली तर इन्व्हर्टरवर कूलर चालावा कीं संगणक, हा प्रश्न उपस्थित होई. आणि घरांतील बहुमत कूलरच्या बाजूचें असे. तरी बरें, अर्धवट राहिलेली यादी पुढें चालू करण्याची आज्ञा या प्रणालींत आहे. ज्या वस्तूवर वीज गेली ती मात्र सामान्यतः पुन्हा पहिल्यापासून दळावी लागते.

आतां अडचणींविषयीं. दळण थांबलें म्हणजे पडद्यावर तांबड्या अक्षरांत शोक सुरू होतो. नवशिका शेवटची ओळ वाचतो व हताश होतो. परंतु शेवटची ओळ ही केवळ रडणाराची असते. मारणारा वर कोठें तरी शेंदोनशें ओळींपलीकडे दडलेला असतो. टिपणवहींत पहिली तक्रार कोठें उमटली तें शोधावयाचें, हा या विद्येचा पहिला नियम. तर्कशास्त्रांत कारण व कार्य यांचा क्रम आम्ही तीस वर्षें फळ्यावर लिहीत आलों. तो क्रम असा रात्रीं दोन वाजतां डोळ्यांसमोर उभा राहिलेला पाहणें हा आनंद निराळा.

एके रात्रीं लेखनाची मोठी आज्ञावली दळत असतां काम मध्येंच थांबलें. संहितेंत दोष नव्हता. वर पाहिलें तों कंपायलरच मारला गेल्याची नोंद. आणि मारणारा खुद्द कर्नल. चार जातीं एकाच वेळीं चालू, प्रत्येकास सुमारें दोन गिगाबाइट स्मृति हवी, आणि शेजारीं कन्येचें वाचनहि त्याच यंत्रावर चाललेलें. स्मृति संपली म्हणजे सर्व घर बुडूं नये म्हणून कर्नल एका खादाड प्रक्रियेचा बळी देतो. जातीं चारांवरून दोनांवर आणलीं. वेळ वाढला, परंतु सकाळीं पीठ तयार होतें.

सर्वांत रम्य अडचण देवनागरीपाशीं आली. अक्षरांच्या आकृति पडद्यावर रेखाटणारी एक आज्ञावली आहे, फ्रीटाइप. आणि कोणतें अक्षर कोणत्या अक्षरास कसें जोडावें हें ठरविणारी दुसरी, हार्फबझ. हें दुसरें नांव फारसींतून आलेलें आहे. हर्फ म्हणजे अक्षर व बाज म्हणजे उघडें. तिचा प्रमुख कर्ता बेहदाद एस्फहबोद हा मूळचा इराणी. अरबी-फारसीप्रमाणेंच आमचीं जोडाक्षरेंहि तिच्याच हातून जुळतात. आम्हीं दळण लाविलें त्या वेळीं प्रणालीनें उत्तर दिलें कीं, फ्रीटाइप बांधावयास आधीं हार्फबझ हवें, आणि हार्फबझ बांधावयास आधीं फ्रीटाइप हवें! यासच नैयायिक अन्योन्याश्रय म्हणतात व वादांत हा दोष निघाला म्हणजे प्रतिपक्ष हरला असें समजतात. परंतु व्यवहार न्यायशास्त्राहून कनवाळू आहे. बीज आधीं कीं अंकुर आधीं हा वाद सोडून देऊन माळी कोठून तरी एक रोप आणतोच. तसेंच येथें करावयाचें. पहिल्यानें फ्रीटाइप अपुरें, म्हणजे हार्फबझशीं नातें तोडून, बांधावें; त्याच्या आधारानें हार्फबझ बांधावें; आणि मग फ्रीटाइप पुन्हा एकदां, आतां सर्व नात्यांसह, बांधावें. तीन आज्ञांत प्रश्न मिटला. ज्या दोन गोष्टी एकमेकींवांचून पूर्ण होत नाहींत त्यांपैकीं एकीनें आरंभीं थोडें अपुरें राहण्यास कबूल व्हावें लागतें. संसारांतील कित्येक कोंडी याच उपायानें फुटलेल्या आहेत, असें आमच्या घरांतील वडीलधाऱ्यांचेंहि मत पडलें.

अक्षरें जुळूं लागलीं तेव्हां आम्हीं पहिला शब्द लिहिला तो ‘वऱ्हाड’. हा शब्द मराठी लेखनयंत्राची खरी परीक्षा आहे. यांतील र न् मात्रेवर चढत, न् पायाशीं बसत. तो पापणीसारखा वांकून ह च्या अलीकडे उभा राहतो. हा पापणीचा र मराठीची विशेष ठेव आहे, आणि तो केवळ शोभेचा नव्हे. ‘दर्या’ म्हणजे समुद्र व ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरांतल्या; ‘आचार्यांस’ नमस्कार करावयाचा असतो व ‘आचाऱ्यांस’ स्वयंपाकाची वर्दी द्यावयाची असते. एका रेघेच्या चुकीनें प्राध्यापकाच्या हातीं झारा येतो! युनिकोड या जागतिक अक्षरकोष्टकांत ०९३० हें स्थान साध्या र चें आणि ०९३१ हें नुक्ता दिलेल्या र चें. हें दुसरें स्थान मुळांत द्राविडी भाषांतील एक र दाखविण्यासाठीं नेमलेलें. परंतु त्याचें अर्धें रूप तीच आमची पापणी. कळफलकावर ती कळ ठाऊक नसेल तर साध्या र पुढें हलन्त व एक अदृश्य जोडचिन्ह देऊनहि तीच आकृति साधते. डोळ्यास दोन्ही सारख्याच.

डोळ्यास सारख्या, यंत्रास नव्हे. आमच्या संग्रहांत ‘पऱ्हाटी’ हा शब्द शोधला तेव्हां अकरा ठिकाणीं सांपडला. पऱ्हाटी म्हणजे कपाशीचें झाड. वऱ्हाडांतील स्त्रीच्या बोलण्यांत तो शब्द अकराच वेळां यावा हें आम्हांस पटेना. म्हणून अक्षरांच्या आकृति बाजूस सारून त्यांमागील क्रमांकच एकामागून एक पडद्यावर मांडले. तेव्हां उलगडा झाला. संग्रहाचा जुना भाग एका रीतीनें उतरला होता व नवा भाग दुसऱ्या रीतीनें; शोध करणारी आज्ञावली क्रमांक ताडते, आकृति ताडीत नाहीं. सर्वत्र एकच रूप कायम करावयास एक ओळीची आज्ञा पुरली. पुन्हा शोधलें तों पऱ्हाटी एकोणतीस ठिकाणीं उभी. त्यांतील एक वाक्य आम्हीं पार विसरलों होतों. मातोश्री पाऊस लांबला म्हणजे माळवदावरून वावराकडे पाहून म्हणत, “पऱ्हाटी वाट पाह्यते, पण रडत नाही.” हें वाक्य आमच्याजवळ होतेंच, केवळ सांपडत नव्हतें.

प्रामाणिकपणें सांगावयाचें तर हा शोध तयार प्रणालीवरहि घेतां आला असता. जेंटूच्या मंडळींनीं स्वतः २०२३ च्या डिसेंबरांत तयार पिठाचीं पोतीं भरपूर प्रमाणांत ठेवावयाचें जाहीर केलें. ज्यास दळण नको त्यानें तें घ्यावें, आणि मोठीं दळणें आम्हीहि अधूनमधून तेथूनच आणतों. तसेंच, मूळ संहिता हातीं आली म्हणजे सर्व कांहीं हातीं आलें अशीहि भ्रांति बाळगूं नये. केन टॉम्प्सन या थोर संगणकशास्त्रज्ञानें १९८४ मध्यें प्रसिद्ध झालेल्या आपल्या व्याख्यानांत दाखवून दिलें कीं, कंपायलरमध्येंच कपट भरलेलें असेल तर तें संहितेच्या एकाहि ओळींत न दिसतां पिढ्यान् पिढ्या पुढें चालूं शकतें. विरजणच नासकें असेल तर दूध कितीहि निर्मळ असो! तेव्हां शेवटीं कोणावर तरी विश्वास ठेवावाच लागतो. फरक इतकाच कीं, बंद पेटीवर ठेविलेला विश्वास तपासतां येत नाहीं, उघड्या पेटीवरचा तपासतां येतो. आणि आपण तपासला नाहीं तरी जगांत कोणी तरी तो तपासीत असतो.

मग नऊ दिवसांचें फळ काय? वेग किंचित् वाढला असेल. तो मोजण्याची आम्हांस हौस नाहीं. खरें फळ असें कीं, घरांतील एका यंत्रापुरतें ‘हें असें कां?’ या प्रश्नास ‘तें तसेंच असतें’ हें उत्तर बंद झालें. महाविद्यालयांत विद्यार्थी हेंच उत्तर घेऊन येतात, व कधीं कधीं अध्यापकहि तेंच देऊन पाठवितात. ज्यानें एकदां टिपणवही वरून खालीं वाचून खरा अडथळा शोधला त्यास हें उत्तर पुन्हा गोड लागत नाहीं. कापसाच्या गाठी ज्यांनीं पाठविल्या त्या आमच्या पूर्वजांस गिरणीचें दार बंद होतें. आम्हांस तें उघडें आहे, आंत जाण्यास मूल्य पडत नाहीं, आणि तरीहि आम्ही उंबऱ्यावरूनच कापड मागून परत फिरावें, हें मनास बरें वाटत नाहीं.

आमच्या उद्योगाचा मोह ज्या वाचकांस पडेल त्यांस दोन सूचना करून ठेवतों. घरांतील जुनें यंत्र घ्यावें, नवें घेऊं नये. आणि आपला संग्रह, हिशोब, पत्रें जें कांहीं असेल त्याची दुसरी प्रत आधीं निराळ्या ठिकाणीं ठेवावी. मुहूर्ताविषयीं विचाराल तर, ज्यांस सुटीचें बंधन नाहीं त्यांनीं मार्गशीर्ष धरावा. त्या दिवसांत अकोल्यास पहांटे अंगावर शाल घ्यावी लागते, आणि रात्रभर दळण दळलेल्या यंत्राशेजारीं बसलें असतां ऊब येते, शिवाय कूलरवाल्यांचें बहुमतहि त्या महिन्यांत नसतें.